घणाखालचा खडा

१ मार्च, सकाळी ६
नवी वही. तीन संकल्प. एक, रागावर ताबा. दोन, मेव्हण्याशी गोड बोलणे. तीन, शास्त्र शिकणे.

कारण लिहून ठेवतो. काल जेवताना मेव्हणा म्हणाला, दाजी, ताईच्या अंगठीतला खडा हिरा नाही, काच आहे. तीस वर्षं काच विकतोय, मला काच कळते. (चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसत नाही म्हणून याचं चालतं.) वर म्हणाला, आईने बरोबर माणूस ओळखला, पाडकामवाल्याला काय समजणार.

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याचा जग त्याच्या डोक्यावर बसला. रिकामा होता. म्हणजे बसता बसता रिकामा झाला.

संकल्प आजपासून लागू. काल मोजायचा नाही.

१ मार्च, दुपारी
प्रश्न काचेचा नाही. सासूबाईंनी मला पाच वेळा दारातून परत पाठवलं होतं. भिंती पाडणारा जावई नको म्हणून. सहाव्या वेळी गेलो तेव्हा स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. एक शब्द नाही. तीच मी हिच्या बोटात घातली. मी शाळा चौथीत सोडली. आयुष्यात मला मिळालेलं सर्टिफिकेट ते एवढंच.

२८ तारखेला मुलीचं लग्न. अंगठी तिच्या बोटात जायची आहे. त्याआधी निकाल लागला पाहिजे.

जवाहिऱ्याला दाखवू म्हटलं, तर ही म्हणाली, माझ्या आईवर संशय घ्यायचा असेल तर आधी मला घराबाहेर काढा. तेव्हा गुपचूप. आपलं आपण.

२ मार्च, रविवार
वाचनालयात वर्ग लावला. खनिजं ओळखा, चार रविवार. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून रिटायर झालेल्या, आवाज करवतीचा. म्हणाल्या, रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. चमक बघा. पांढऱ्या फरशीच्या खरबरीत पाठीवर घासून कस, म्हणजे उठणाऱ्या रेघेचा रंग, बघा. हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या. आणि काठिण्य म्हणजे कोण कोणाला ओरखडतो ते. शंखजिऱ्यावर नखाने रेघ उठते, कॅल्साइटवर चाकूने. क्वार्ट्झ काचेला ओरखडतं आणि हिरा सगळ्यांना.

बाकी पटलं. ओरखडे पटले नाहीत. ओरखडे काढणं मांजरांना शोभतं. मी सत्तावीस इमारती पाडल्या, एकाही भिंतीला नखाने विचारलं नाही. घण घालायचा. जे टिकलं ते कठीण. बाईंची पद्धत चांगली आहे, फक्त तिला माझ्या अनुभवाची जोड हवी.

सरावासाठी दहा नमुन्यांची पेटी घरी दिली.

४ मार्च, साइटवर
सुधारित पद्धतीने पेटी तपासली. दोन किलोचा घण.
शंखजिरं: एका टोल्यात पीठ. नाकात गेलं.
अभ्रक: पापुद्रे सुटले.
कॅल्साइट: फुटून तिरपे डबे झाले. डबे फोडले, आत पुन्हा तिरपे डबेच. हट्टी जात.
क्वार्ट्झ: टोला बसताच उडालं, थेट मुकादमाच्या कपाळात. तीन टाके. मुकादम म्हणाला, मालक, अभ्यास घरी करत चला. भित्रा माणूस.
साधा काळा दगड: तीन टोले खाऊन उभा.

निकाल: काळा दगड पहिला. क्वार्ट्झ नापास. एवढं नाव, आणि एका फटक्यात गेलं.

९ मार्च, रविवार
बाईंनी पेटी मागितली. मी पिशवी दिली. त्यांनी पिशवीत हात घातला, भुगा बोटांतून गळू दिला आणि म्हणाल्या, ही परीक्षा नाही, हा खून आहे.

मग सगळ्यांसमोर समजावलं. ओरखडा न पडणं वेगळं आणि टोला सोसणं वेगळं. ज्याच्यावर कशानेच रेघ उठत नाही तेसुद्धा फटक्याने फुटू शकतं.

पुस्तकी बोलणं. बाईंनी आयुष्यात साधी न्हाणीघराची भिंत पाडलेली नाही. वाद घातला नाही. रागावर ताबा: सुधारणा आहे.

१२ मार्च, संध्याकाळी ७
मेव्हणा आला होता. गोड बोललो. पाच मिनिटं.

मग म्हणाला, दाजी, मुलाकडच्यांच्या कानावर मी आधीच घालून ठेवतो, अंगठी काचेची आहे म्हणून. मागाहून पोरीची फजिती नको.

याला मारामारी म्हणता येणार नाही. त्याने चप्पल घेतली, मी स्टूल घेतलं. दिव्याची शेड, दोन खुर्च्या आणि ही मध्ये पडली म्हणून हिची बांगडी. शेवटी त्याचं नाक आणि माझा खालचा एक दात. मुलगी मधोमध उभी राहून म्हणाली, लग्न माझं आहे की तुमचं?

दात नंतर तपासला. चमक मंद. कस पांढरा. वजनाला हलका. ओळख पटली.

१६ मार्च, रविवार
वर्गाला गेलो नाही, जबडा सुजलाय. आज बाई ‘खनिजं फुटतात कशी’ यावर बोलणार होत्या. त्यात मला नवीन ते काय कळणार.

१९ मार्च, दुपारी २
ही आणि मुलगी शिंप्याकडे. अंगठी कपाटात. मेव्हण्याला साक्षीला बोलावून घेतलं. नाकावर पट्टी लावून आला.

पकडीने खडा कोंदणातून काढला. रेल्वेच्या रुळाचा तुकडा ठेवलाय माझ्याकडे, ऐरण म्हणून. त्यावर खडा. मेव्हण्याला म्हटलं, बघ आता तुझी काच.

पहिला टोला हलका. काही झालं नाही. खडा तसाच. मेव्हणा पांढराफटक पडला. दाजी, बास, म्हणाला, तुम्ही जिंकलात. हिरा असो, काच असो, आईची आहे. उचला तो.

तिथे थांबायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण अर्धवट परीक्षा ही परीक्षाच नव्हे. पाच किलोचा उचलला.

१९ मार्च, दुपारी ३
चार तुकडे मिळाले. बाकी चुरा.

काच.

मेव्हणा हसला नाही. हसला असता तर मारता आलं असतं. गुडघ्यांवर बसून फरशीवरचे तुकडे वेचले, माझ्या तळहातावर ठेवले आणि चप्पल घालून गेला.

१९ मार्च, दुपारी ४
सासूबाईंचा फोटो भिंतीवरून काढला. म्हटलं, सहा वेळा आलो होतो तुमच्या दारात. नको होतो तर सहाव्यांदाही नाही म्हणायचं होतं. हातात काच कशाला दिलीत? मग फोटो आपटला. चौकट तुटली. खिडकीही गेली, ती अनावधानाने. कपाटाचं दार आधीपासूनच ढिलं होतं.

रडलो वगैरे नाही. चुरा डोळ्यांत गेला होता.

हिला सांगितलं की खडा सैल झालाय, पक्का करायला दिलाय. फोटोबद्दल म्हटलं, वारा. ही खिडकीकडे बघत राहिली.

२३ मार्च, रविवार
शेवटचा वर्ग. तुकडे कागदाच्या पुडीतून नेले. बाईंना म्हटलं, काच कुठल्या प्रकारची, तेवढं सांगा.

बाईंनी भिंगाखाली धरले. बराच वेळ. मग एक तुकडा चिमट्यात घेऊन क्वार्ट्झवर ओढला. रेघ उठली. कपाटातून माणकाच्या जातीचा एक लाल दगड काढला, त्यावर ओढला. तिथेही रेघ. मला खुर्चीवर बसायला सांगितलं.

म्हणाल्या, काच फुटली की तिच्या कडा वक्र येतात, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या. हे बघा, हे आरशासारखे सपाट फुटलेत. ठराविक दिशांनीच फुटलेत. असा फुटतो तो हिरा. आणि चांगला होता.

मग विचारलं, काय पडलं याच्यावर?

मी म्हटलं, मी.

२४ मार्च, सकाळी
हिला आणि मेव्हण्याला समोरासमोर बसवून सगळं सांगितलं. मेव्हणा उठला आणि मला मारायला लागला. पोटात, खांद्यावर, कानाखाली. चष्मेवाला असून हात चांगला चालतो. मी हात उचलला नाही. संकल्प क्रमांक एक, पहिल्यांदाच पूर्ण. त्याला दम लागला तेव्हा माझ्याच शेजारी बसून रडला. आई खोटं देणार नाही हे मला ठाऊक होतं दाजी, म्हणाला, ताईला दिलं आणि मला नाही, एवढंच खुपत होतं.

ही उठून फोटोची चौकट दोऱ्याने बांधायला घेतली. तीस वर्षांत इतकी शांत पाहिली नव्हती. त्यापेक्षा मेव्हण्याचा मार परवडला.

२४ मार्च, संध्याकाळी
शेवटी बोलली. म्हणाली, अंगठी दिली त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं. पोरगा सोन्यासारखा आहे, मी उगाच पाच वेळा परत पाठवला. फक्त अंगठी पुन्हा त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

मी विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाहीस? ही म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही तर थेट घण घेतलात.

२८ मार्च, सकाळी ९
लग्न तासाभरात. जवाहिऱ्याने चारांतला मोठा तुकडा कोंदणात बसवून दिलाय. बोटाच्या नखाच्या कोपऱ्याएवढा. मुलगी म्हणाली, छान आहे, बाबा. तिच्या आवाजावरून काही ओळखता आलं नाही.

अंगठीची डबी मेव्हण्याकडे आहे. मला हॉलच्या दारात उभं केलंय, येणाऱ्यांना नमस्कार करायला. दोन्ही हात जोडलेले ठेवायचे, असं हिने बजावलंय.