बाबांच्या मनगटाची दोरी

प्रिय धाकट्या,

तुझं रविवारचं प्रवचन फोनवर ऐकलं. हिब्रूत आशा आणि दोरी यांना एकच शब्द आहे, विश्वासाचं मूळ घट्ट धरून ठेवण्यात आहे आणि प्रीती म्हणजे आपल्या माणसाला न सोडणं, असं तू सांगितलंस. छान बोललास. मी तेव्हा खुर्चीची बैठक वेताने विणत होतो आणि माझ्या कमरेला दोरी होती. तिचं दुसरं टोक बाबांच्या मनगटाला. ते बाहेर पडले की घरचा रस्ता विसरतात, म्हणून हा उपाय.

आज दुपारी शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काय हो, आज कोणी कोणाला बांधलंय?" मी हसलो. ती गेल्यावर कमरेची गाठ सोडली, दार उघडलं आणि पाठ फिरवून विणत बसलो. जातील तर जाऊ देत, असं मनात आलं. हे मी अजून प्रार्थनेतही बोललेलो नाही.

बाबा उंबऱ्यापर्यंत गेले. तिथे त्यांनी दोरी ओढून पाहिली. ती सैल लागली, तसे मागे फिरले आणि मोकळं टोक माझ्यापुढे धरलं.

"बांधून घे रे. हरवलास तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

आईला जाऊन किती वर्षं झाली, हे त्यांना कोण सांगणार? मी बांधून घेतली, नेहमीपेक्षा जरा घट्टच.

हे पत्र टाकणार नाही. तू ते प्रवचनात घेशील आणि लोक डोळे पुसतील. त्यापेक्षा फोनवर एवढंच म्हणेन, महिनाभर येऊन राहा. तू म्हणशील, "बघतो, दादा."

दोरी पुरेल तेवढ्याच अंतरावर असलेला,
तुझा दादा