उंदरांची फुप्फुसं आणि तुमच्या ट्यूबलाइट

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

अंधेरीच्या आपल्या प्रयोगशाळेत मी उंदरांचं डावं फुप्फुस काढत असे. मागे राहिलेलं उजवं हळूहळू मोठं होतं. अ जीवनसत्त्वापासून बनणारं एक आम्ल टोचलं तर ते आणखी वाढतं का, हे मला पाहायचं होतं. हे औषध उजेडात नासतं, म्हणून मी एकच मंद लाल दिवा ठेवून काम करायचे. एके दिवशी तुम्ही आत येता, सगळ्या ट्यूबलाइट खटाखट लावता आणि म्हणता, "अगं, लाल दिवा लावून काय अंगात आणतेस का?" सगळे हसतात. मी मान खाली घालून टोचत राहते.

पुढे टोचलेल्या आणि न टोचलेल्या उंदरांची फुप्फुसं सारखीच निघाली. भर बैठकीत तुम्ही माझी वही मिटलीत. "तुम्ही मढचे कोळी पोरांना मुशीच्या काळजाचं तेल पाजता ना? तेच पाज यांना. नाहीतर घरी जा, मासे विक." विषय काढून घेतलात. माझी तीन वर्षं पाण्यात गेली. माझी आई खरंच मासे विकायची, आणि त्याच शार्कच्या यकृताच्या तेलावर आम्ही भावंडं धडधाकट वाढलो. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुजा सर येडा हाय गो. जेव आधी." मी जेवले नाही.

आता त्या विभागाची प्रमुख मी आहे. यंदा तोच प्रयोग पुन्हा केला, तुमच्या ट्यूबलाइटशिवाय. फुप्फुसं जास्त वाढली, सर! श्वास किती सुधारतो ते अजून ठरायचंय, पण वाढली. निकाल मी सभागृहात तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली उभं राहून मुद्दाम मोठ्याने वाचला. झकास वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन प्रयोगाची पद्धत लिहायला बसले. औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी, एवढं लिहिलं आणि हात थांबला. तुम्ही दिवे लावलेत त्याच्या आदल्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. होडीची पूजा चुकू नये म्हणून मी सकाळीच मढला पळाले आणि बाटली दिवसभर खिडकीत उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी ती गुपचूप गुंडाळली आणि शेवटपर्यंत तीच वापरली. नवी मागवायची तर तुम्हाला सांगावं लागलं असतं.

मासे विक म्हणालात, त्याची माफी नाही. पण प्रयोग मीच बुडवला होता, आणि हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.