इंजिन पुढे की मागे

३ फेब्रुवारी

इंजिन पुढेच! ठरलं म्हणे. कोणी ठरवलं? वन्संनी. ड्रॉइंग कोण काढतंय? मी. मग मला विचारायची काही रीत?

उभा जन्म पंपांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात काढला. एक रेघ बदलायची तरी साहेबलोक माझ्या टेबलाशी येऊन आधी खाकरायचे. आणि ह्यांची थोरली बहीण चहाचा कप माझ्या कोऱ्या कागदावर ठेवून म्हणते, "इंजिन नाकावर. बाकी तू बघ." बाकी म्हणजे काय? शेपूट?

बोलताना माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचं. जन्मभर लोकांना विमानं उडवायला शिकवलं, आता जमिनीवरची माणसं नजरेत भरत नसतील.

हे म्हणाले, "तुम्ही दोघी काय ते बघून घ्या." लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही हेच म्हणाले होते.

५ फेब्रुवारी

शेजारीण कुंपणावरून: "हेलिकॉप्टर करताय म्हणे?"

नाही हो बाई. गायरोप्लेन. हेलिकॉप्टरचा गरीब चुलतभाऊ. डोक्यावरची मोठी पाती इंजिनाला जोडलेलीच नसतात, यंत्र पुढे जातं तशी वाऱ्यानं आपली आपण फिरतात आणि तोलून धरतात. इंजिनाचं काम एवढंच, पंखा फिरवायचा आणि पुढे न्यायचं.

"अगंबाई! आणि ह्या वयात?"

कोणाच्या वयात ते विचारलं नाही. मी एकसष्ट, वन्सं सत्तरीला टेकल्या. उडवणार त्या आहेत. मी फक्त रेघा ओढणार.

९ फेब्रुवारी

आज समोरासमोर वाद घातला. माझा मुद्दा सरळ होता. वन्संच्या फ्लाइंग क्लबच्या जुन्या गायरोचं इंजिन पाठीशी आहे. पुढे काही नाही, पाय, जमीन आणि आकाश. बहुतेक गायरो तशीच असतात. सगळे काय खुळे आहेत?

वन्सं: "ओढलेली वस्तू सरळ येते, ढकललेली भलतीकडे जाते."

"ही म्हण झाली. गणित मांडा."

मांडलं. नाक मुरडत ऐकलं, पण ऐकलं. पाठीशी ठेवलं की इंजिन उंच बसवावं लागतं, नाहीतर पंखा जमिनीला लागेल. म्हणजे रेटा यंत्राच्या वजनाच्या मध्याच्या वरून येतो. वाऱ्याच्या झोक्यात डोक्यावरच्या पात्यांवरचा भार क्षणभर सुटला, की तोच रेटा नाक खाली दाबतो आणि यंत्र कोलांटी खातं. "मग तुझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांची प्रार्थना म्हणायलाही वेळ मिळत नाही." इंजिन पुढे असलं तर रेटा वजनाच्या मध्यातून नेता येतो. शिवाय पंख्याचा वारा थेट शेपटावर, म्हणजे शेपूट हुकमात. "आणि आपटलंच, तर ते इंजिन तुझ्या आधी जमिनीला लागतं. पाठीमागचं तुझ्यानंतर. तुझ्या पाठीत."

मी म्हटलं, "आणि दिसणार काय? पुढे इंजिन, त्याच्यामागे पात्यांचा खांब, खांबामागे तुम्ही. कपाटाच्या मागे बसून गाडी हाकण्यातला प्रकार!"

"समोर बघून कोण उडतं? बाजूनं बघायचं असतं."

घ्या! मोठ्या माणसांशी वाद घालू नये हे आईनं सांगितलं होतं. मोठी माणसं असलं बोलतात हे नव्हतं सांगितलं.

२६ फेब्रुवारी

चौथं ड्रॉइंग फाडलं. एक गोष्ट धरायला जावं तर दुसरी सुटते. इंजिन पुढे, जड. म्हणून वन्संना मागे सरकवलं. मागे सरकवलं तर खांब बरोब्बर त्यांच्या नाकासमोर. पंखा जमिनीला लागू नये म्हणून पुढचे पाय लांब केले, तर शेपूट टेकलं आणि नाक आभाळाकडे! जमिनीवर असताना समोरचं औषधालासुद्धा दिसणार नाही. इंजिनाची गरम हवा आणि तेलाचे शिंतोडे, सगळं तोंडावर.

एकच त्रास आहे. तोलाचं गणित त्यांच्याच बाजूनं येतंय. तीनदा मांडून पाहिलं.

त्यांना सांगितलेलं नाही.

१४ मार्च

सांगितलं. "मला माहीत होतं," म्हणाल्या. एवढंच! शाबासकी गेली चुलीत, निदान आश्चर्य तरी दाखवावं माणसानं.

२ एप्रिल

आज वन्संना टांगलं.

तोल बघायची हीच पद्धत आहे. क्लबच्या शेडमध्ये यंत्राचा सांगाडा उभा राहिलाय; तिथल्या तुळईला चेनपुली, पुलीला खांबाच्या डोक्यावरचा बोल्ट, बोल्टाखाली अख्खं यंत्र आणि यंत्रात वन्सं, पट्टे बांधून. नाक जरासं खाली झुकलं तर ठीक. आमचं तर जमिनीत काहीतरी हरवल्यासारखं खाली बघत होतं.

सांगाडा जोडणारा वेल्डर म्हणाला, "मॅडम, फोटो काढू?"

वरून आवाज, "काढ. श्रद्धांजलीला उपयोगी पडेल."

मी हसले नाही. हसले असते तर कोनमापक हलला असता. अंश मीच वाचले, वन्सं म्हणाल्या, "तूच वाच, तुझा आवाज खणखणीत आहे." माझ्या आवाजाचं कौतुक! भिंतीवर तारीख लिहून ठेवायला हवी.

बॅटरी नाकातून काढून आसनामागे नेली. उद्या पुन्हा टांगणार.

३ एप्रिल

टांगलं. नाक हवं तिथे आलं. वन्संनी लटकल्या लटकल्या चहा मागितला.

२१ एप्रिल

यंत्र स्वतःच्या चाकांवर धावपट्टीवर गेलं. पाती न जोडता, नुसतं चालवून बघायला.

कबूल करते, बघण्यासारखं होतं. समोर दिसत नाही म्हणून सरळ जायचंच नाही. थोडं डावीकडे, नाकाच्या कडेनं बघायचं, थोडं उजवीकडे, तिकडून बघायचं. अशी नागमोडी वन्संनी धावपट्टी पार केली, मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना अगदी सारखं वळत. मी हातानं इतकी नेमकी रेघ काढू शकले नसते. परत आल्या तेव्हा तोंड तेलानं काळं आणि दात पांढरे. इतक्या खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नात तर मुळीच नाही.

क्लबच्या सेक्रेटरींनी अठरा मे ठरवलीय. पहिलं उड्डाण. एकच आसन, म्हणजे वन्सं एकट्याच. त्यांची लायसन्ससाठीची डॉक्टरी तपासणी जूनमध्ये आहे, म्हणून त्याच्या आत उरकायची घाई.

मला बोल्टांची स्वप्नं पडतात.

७ मे

क्लबचं जुनं यंत्र, इंजिन पाठीशी असलेलं, पेट्रोलच्या टाकीसमोर आडवं उभं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तेवढं शेडमध्ये नेता का?" वन्सं म्हणाल्या दुसऱ्या कोणाला सांगा. दुसरं कोणी नव्हतं. बसल्या.

मी मनात म्हटलं, आता कळेल! समोर मोकळं असणं म्हणजे काय ते कळू दे एकदा.

निघालं. नागमोडी! थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. समोर काही म्हणजे काही नव्हतं, स्वच्छ ऊन आणि शेडचं दार. वेल्डर पोट धरून हसला. "मॅडमना नव्या यंत्राची सवय लागली!" मीही हसले.

मग थांबले. सवय? पंधरा दिवसांची? पाठीशी इंजिन असलेल्या ह्याच यंत्रावर त्यांनी निम्म्या क्लबला शिकवलंय.

वाटेच्या कडेला एक रिकामं पिंप होतं. वन्संनी ते आधी नजरेच्या डावीकडे घेतलं, मग उजवीकडे, मान वाकडी करून. कोंबडी दाणा बघते तशी.



८ मे

सकाळीच त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.

"वन्सं, माझ्याकडे बघा."

"बघतेच आहे."

"तुम्ही कपाटाकडे बघताय."

मग म्हणाल्या, "कपाटाकडे बघितलं की तू दिसतेस."

मी खुर्ची ओढून बसले. मग सगळं सांगितलं त्यांनी.

गेल्या वर्षापासून. दोन्ही डोळ्यांत, मधोमध डाग. कोणीतरी नाणं चिकटवल्यासारखा. कडेनं सगळं लख्ख, नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं. कोणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही.

"आणि म्हणून इंजिन पुढे!"

"पुढे इंजिन असलं की समोरचं कोणालाच दिसत नाही. तुला काय, मला काय. सारखंच."

"म्हणजे ती बाकीची कारणं? कोलांटी, शेपूट, पाठ?"

"सगळी खरी. गणित तूच मांडलंस ना?"

हीच तर चीड! एक अक्षर खोटं नाही. खोट्या माणसाशी भांडता येतं. ह्यांच्याशी काय भांडणार? माझ्याच तीनदा तपासलेल्या आकड्यांआड बाई लपून बसली.

"उतरवणार कशी?"

"जमीन कडेनंच वर येते. जन्मभर तशीच उतरवली."

"आणि समोरून दुसरं कोणी आलं तर? धावपट्टीवर माणूस असला तर?"

मग इतक्या हळू म्हणाल्या की मला पुढे वाकावं लागलं, "एकदाच गं. अठरा तारखेला एकदाच. जूनमध्ये लायसन्स काढून घेणारच आहेत. त्याच्या आधी एक."

चाळीस वर्षांत वन्संनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मागितलं ते हे!

"तुम्ही स्वतः सेक्रेटरींना सांगा. नाहीतर मी सांगेन."

"तू नाही सांगणार."

मी चप्पल उलटसुलट घालून घरी आले.

९ मे

ह्यांना सांगितलं. बराच वेळ हातातला चमचा कपात फिरवत राहिले. साखर घातलीच नव्हती. मग: "एकदाच म्हणतेय ना ती?"

"पडायलाही एकदाच लागतं."

ह्यावर 'तुम्ही दोघी बघून घ्या' म्हणाले नाहीत. उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरत नव्हते एवढं नक्की.

११ मे

वन्सं शेडमध्ये आल्या. पाती पुसली. मी बोल्ट घट्ट केले. एकमेकींशी एक शब्द नाही. वेल्डर विचारतो, "भांडण झालं का, वहिनी?" म्हटलं, तुझं काम कर.

वाट बघतेय. सांगतील. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हेत.

१२ मे

नाही सांगितलं.

१३ मे

चुगली केली. दुसरा शब्द नाही. शाळेत चुगली करणाऱ्या मुलींच्या शेजारी मी बसत नसे. आज सेक्रेटरींच्या टेबलासमोर हात जोडून बसल्यासारखी बसले आणि सांगितलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला त्यांनीच शिकवलंय हो, बाई. पहिल्यांदा एकटा सोडला तेव्हा खाली उन्हात उभ्या होत्या, मी उतरेपर्यंत."

"मग आता तुम्ही उभे राहा," मी म्हटलं. फार तोडून बोलले. पण त्या क्षणी दुसरं काही बोलले असते तर रडले असते, आणि परक्या माणसासमोर मी रडत नाही.

१६ मे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. उड्डाण बंद. गाडी चालवणंही बंद. हे घेऊन गेले होते. म्हणतात, परत येताना वन्संनी लायसन्स सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं, "बरं," म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या. मागच्या सीटवर. भावाशेजारी नाही.

१८ मे

छान वारा होता. मुद्दाम असल्यासारखा.

२० मे

वन्सं आल्या नाहीत. फोन ह्यांनी केला. माझ्याशी बोलायचं नाही म्हणाल्या.

बरोबरच आहे त्यांचं. माझंही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असलं की घरात असली शांतता होते.

२७ मे

सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "यंत्राचं काय करायचं? उडवणारं कोणी नाही. विकताय का?" एका गृहस्थांना घेऊनही आले. त्यांनी नाकावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यातून दिसत कसं नाही काही?"

चार महिने मी हेच ओरडत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि असा संताप आला! म्हटलं, यंत्र विकायचं नाही. कोणाला विचारून म्हटलं, माहीत नाही.

ते गेल्यावर आसनात बसून बघितलं. खरंच, काही दिसत नाही. इंजिन, खांब आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं जग. बराच वेळ बसले. उतरताना कंबर धरली.

४ जून

वन्सं आल्या. ह्यांचा हात धरून शेडपर्यंत, पुढे एकट्या. मी स्टूल पुढे केलं, बसल्या नाहीत. यंत्राच्या नाकावरून हात फिरवला, पंख्यापासून खांबापर्यंत आणि परत. म्हणाल्या, "इंजिन मागे घेऊ या. शिकताना तुला समोरचं दिसायला हवं."