पाठीवरचं छप्पर

अण्णा, हरणी गावच्या शेतावरच्या शेळ्या गेल्या. शेठनी जमीन सोसायटीसाठी दिली, टेम्पो आला आणि एका सकाळीत गोठा रिकामा झाला. कुत्रा तेवढा राहिला. तुम्ही वारलात तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आता त्याचे दात झिजलेत. डोंगरातल्या मेंढपाळांकडच्या कुत्र्यांची जात, आणला तेव्हा अस्वलाच्या पिल्लासारखा दिसायचा. तुम्ही त्याला थेट करडांमध्ये ठेवलंत. मी बिस्कीट घेऊन गेलो तर हातावर फटका मारलात. "लाड करायला दुसरं आण. हा शेळ्यांचा आहे. आपल्याला नाही ओळखलं तरी चालेल." मग तो शेळीच्या कुशीत झोपायला शिकला आणि कोल्ह्याची चाहूल लागली की कुणी न सांगता उठून मध्ये उभा राहायला. होळी झाली की तुम्ही लोखंडी फणी घेऊन त्याच्याजवळ बसायचात, आतली सुटलेली लोकर ओढून काढायचात, वरचे लांब केस मात्र तसेच ठेवायचात. "हे छप्पर आहे त्याचं," म्हणायचात. "थंडीतही आणि उन्हातही. कात्री लावायची नाही."

वैशाखात शेठच्या सूनबाईंना त्याची दया आली. फतेगंजला आता कुत्र्यांचं पार्लर निघालं आहे, तिथला माणूस त्यांनी केस भादरायचं मशीन घेऊन बोलावला. मी म्हणालो, नको, केसांनी ऊन अडतं. त्या हसल्या. "तुला स्वेटर घालून उन्हात उभा केला तर चालेल का, भाई?" मला तुमचा नियम तेवढा पाठ होता. माणूस गेला तेव्हा कुत्रा बोकडाएवढा उरला होता. रिकाम्या गोठ्याची राखण तो सोडत नाही, सावलीत बांधला तर दोर तोडून पुन्हा दारात जाऊन बसतो. बघता बघता पाठ भाजली, फोड आले, माशा बसू लागल्या.

तरसालीकडच्या एका भरवाडाने त्याला आपल्या मेंढरांत न्यायचं कबूल केलं होतं. तो आला, वाकून पाठ पाहिली. "आने तो तडको खाई जशे, भाई." ऊन याला खाऊन टाकेल. केस आले की बोलाव, म्हणाला आणि गेला. शेठही म्हणाले, केस येत असतील तर ठेवू, नाहीतर डॉक्टरांकडून सुई देऊन टाकू, उगाच हाल नकोत.

मी मलम लावतो, वर ओलं फडकं पसरतो. तो हलत नाही. पूर्वी मला एवढं जवळ येऊ दिलं नसतं, म्हणून जास्त भीती वाटते. शेठ रोज गाडीची काच खाली करून विचारतात, "केस येतात ना रे?" मी म्हणतो, येताहेत.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितो. एकही केस आलेला नाही. मी खोटं सांगतो ते त्याला जगवायला, की सकाळी उठून ज्याच्याकडे जायचं असं मला कुणीतरी हवं म्हणून, ते मला ठरवता येत नाही.