रिपोर्टात चिंच नव्हती

घाटकोपर

ती. आईस,

आधी पाया पडते, मग भांडते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय.

बोटातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. विळीवर कापलेली नस जुळावी म्हणून दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी आत कोलॅजनची नळी बसवली होती ना, ती आपोआप विरघळायला हवी होती. तिचे तुकडे अजून आतच होते, आणि भोवती व्रणाचं जाड मांस भरलेलं. नसेचे धागे पलीकडे पोचलेच नाहीत, अलीकडेच गाठ करून बसले. ती गाठ आता काढली, त्यामुळे कळ गेली. बोट मात्र बधिरच आहे.

तुझ्या हट्टापायी मी डॉक्टरांना विचारलं, सोलकढी प्यायल्याने, आंबट खाल्ल्याने असं होतं का. ते हसले. सूक्ष्मदर्शकाखाली चिंच दिसली नाही, कोकम दिसलं नाही, माझा हलगर्जीपणाही दिसला नाही. हे वाडीतल्या बायकांना वाचून दाखव.

आणि विळी खाडीत टाक म्हणून दर आठवड्याला सांगू नकोस. तू लग्नात दिलीस म्हणून रडत बसतेस, पण दोष तिचा नाही आणि तुझाही नाही. हल्ली नारळ तुझा जावई सुयोग खवतो, निम्मा जमिनीवर.

बाबांचा खोकला कसा आहे?

बाकी मी बरी आहे. काल भाकरी उलटताना जान्हवी म्हणाली, आई, कसला वास येतोय गं. तेव्हा मी खाली बघितलं. बोट तव्याला टेकलं होतं.

यावर फोन करू नकोस.

तुझीच,
सुगंधा