बरणीतलं मीठ

जासई,
१२ फेब्रुवारी २००९

प्रिय प्राची,

पत्र बघून हसू नकोस. फोन आहे, पण फोन उचलला की तुझी आई कान देऊन बसते. म्हणून शेजारच्या जगनच्या हाती ही चिठ्ठी देतोय. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून अंगणात फेऱ्या मारल्या.

तुझ्या आईच्या मोडलेल्या नडगीत प्लेट बसवली, त्या दिवशी ऑपरेशनची हत्यारं तूच मांडली होतीस. बाहेर येऊन सांगितलंस, एक स्क्रू टेबलाच्या कडेला लागला, तर तो बाजूला टाकून दुसरा घेतला. मी चिडवलं, एवढी सोवळी तर तुझी आजीही नव्हती. तू रागावलीस. प्लेटवर एकदा जंतू बसला की औषधालाही दाद देत नाही, टाके निघेपर्यंत पट्टीला कुणी हात लावायचा नाही, म्हणालीस. मी मान डोलावली. माझी मान काय, डोलतेच.

आपलं मिठागर हातचं गेलं तेव्हा शेवटच्या राशीतलं मीठ मी बरणीत भरून ठेवलं, तुला ठाऊक आहे. गेल्या शुक्रवारी आईची पट्टी थोडी ओली दिसली. तुला विचारायला हवं होतं. पण जन्मभर पायाच्या चिरा मिठाच्या पाण्याने धुतलेला माणूस मी. मिठात मासा टिकतो, मग जखम का नासेल? पट्टी सोडली, कोमट पाण्यात ते मीठ घालून जखम धुतली आणि जुन्या धोतराचं फडकं बांधलं.

आता पाय गरम लागतो. कालपासून पू येतोय, तापही आहे. आणि काल रात्री फोनवर ‘बरी आहे’ म्हणालो तो मीच. फार लाज वाटते गं.

रिक्षा बोलावलीय. जगन मोटारसायकलवर तुझ्या हॉस्पिटलात पुढे येईल, मागोमाग आम्ही. आई म्हणते, “आंघोळीचं पानी गेलं आसं सांगन मी. तुमी तोंड उघडू नका.” तशी शपथच घातलीय मला. लिहू नका, असं मात्र ती म्हणाली नाही. डॉक्टरांना खरं काय ते कळू दे. तिचा पाय वाचव, बाळा. माझ्यावर मग ओरड, मी बाहेर बाकावर बसलेला असेन.

तुझाच,
तुझं न ऐकलेला बाबा