फ्रिजचा षड्ज

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतात तेवढाच). तुझी कंबर कशी आहे? शिवणाचं दुकान बंद केल्यापासून तू दार लावून बसतेस, फोनही उचलत नाहीस, असं भाची सांगत होती. म्हणून हे पत्र. ते आपलं दाराखालून आत येतं.

इकडे सगळं ठीक. मी गाणं शिकतोय. हसून झालं असेल तर पुढे वाच. माझं दुकान मुलाच्या हाती दिलं आणि घरात माझी लुडबुड सुरू झाली, तेव्हा तुझ्या भावजयीनेच मला कोपऱ्यावरच्या गाण्याच्या वर्गात नेऊन बसवलं. बाईंनी बजावलं, आधी षड्ज म्हणजे सा पक्का करा, बाकीचे सूर त्याच्यामागून येतात. आता घरी तंबोरा कुठला? पण स्वयंपाकघरात फ्रिज आहे आणि तो कायम एकाच सुरात गुणगुणतो. मी रोज सकाळी त्याच्या शेजारी स्टूल टाकून तोच सूर षड्ज म्हणून असा घोटला, की शेजारचे खिडक्या लावून घ्यायला लागले. (भाजी काढायला आलेल्या तुझ्या भावजयीला मी रियाजात व्यत्यय नको म्हणालो. त्या दिवशी भाजी झाली नाही.)

वर्गात मात्र सा लावला की सगळे एकीकडे आणि मी भलतीकडे. शेवटी बाईंनी पेटीवर बोटं फिरवून माझा सूर शोधला. तो निघाला तीव्र मध्यम! ताई, हा फार विचित्र प्राणी आहे. रे, ग, ध, नी जागेवरून हलले तर खाली उतरतात आणि कोमल म्हणवून घेतात. सा आणि प तर हलतच नाहीत. मध्यम एकटाच वर चढतो, आणि बसतो कुठे, तर सप्तकाच्या ऐन मध्यावर, खालच्या आणि वरच्या ‘सा’पासून सारखाच लांब. ‘सा’शी भांडायला याहून सोयीची जागा नाही. बाई म्हणाल्या, सूर पक्का आहे हो तुमचा, पण तुमच्या घरचा सा आमच्याकडे तीव्र मध्यम होतो. वार्षिक कार्यक्रमातल्या समूहगानातून माझं नाव गेलं.

तोंड पाडून घरी आलो, तर मेकॅनिक फ्रिजच्या मोटरखालचं झिजलेलं रबर बदलून निघालेला. घर एकदम गप्प. मी स्टुलावर बसलो, तर फ्रिज गप्प असूनही तो सूर माझ्या कानात चालूच, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा सूर मी फ्रिजकडून घेतलाच नव्हता. शिवणाचं मशीन चालवताना तू गुणगुणायचीस, तो हाच. मी खाली चिंध्यांत खेळत असायचो. मला फार भरून आलं, लपवत नाही.

हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याच पट्टीतली जोडीदारीण आणा, दोघांना वेगळं गाणं देते.

बाकी सगळे मजेत. लहानांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. जोडीदारीण म्हणजे तू, हे कळलं असेलच. मागची खोली रिकामी केली आहे. मशीनही आण, खिडकीपाशी जागा आहे. आवाज जाडा झाला वगैरे सबबी चालणार नाहीत. फ्रिजचा तरी कुठे मधुर होता?

पुन्हा ता. क. तुझ्या भावजयीने आत्ताच हे वाचलं. म्हणते, तो सूर कुणाचा हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मेकॅनिकला तिने मुद्दाम बोलावलं. फ्रिज गात होता तोवर मी काही तुला पत्र लिहिणार नव्हतो.